दिगूच्या ड्रममधलं पाणी

बातमी आली तेव्हा मी एका लग्नात माईकवर होतो. लग्नातला निवेदक म्हणून जालन्यात माझं बरं चालतं. नवरदेवाच्या मामांना हाक मारायची आणि ते येईपर्यंत मांडव हसता ठेवायचा, हा माझा धंदा. त्या दिवशी मामा काही सापडत नव्हते, मी त्यांच्या चपलांवर एक किस्सा रंगात आणला होता, आणि खिशात फोन थरथरत होता. शेवटी घेतला. मंदावहिनी होत्या, दिगूची बायको. "भावजी, हे दुकानातून आले, खुर्चीवर बसले, अन् आता उठूनच न्हाई राह्यले..." दुसऱ्या हातात माईक चालूच होता. मी "दिगू?" एवढंच म्हणालो, तर ते मांडवभर घुमलं. लोकांना वाटलं किस्सा पुढे सरकला. काही जण हसले. हे दिगूला सांगता आलं असतं तर सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला असता.

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. बाजारात त्याचं मॅचिंग सेंटर होतं. बाईनं साडी काउंटरवर टाकली की हा तिचा पदर धरून सरळ बाहेर उन्हात निघायचा, साडीमागे बाई, बाईमागे तिची जाऊ, अशी वरात रस्त्यावर. मग निकाल लागायचा, "ताई, हा मोरपंखी न्हाई. ह्याला रामा म्हणतात." एकदा तो माल आणायला हैदराबादला गेल्ता. येताना कापडाचे गठ्ठे पायाशी आणि मांडीवर पाण्यानं फुगलेली पिशवी, अशा थाटात रेल्वेतून उतरला. पिशवीत बोटाच्या पेराएवढे दोन मासे. मी विचारलं, "कालवण किती जणांना पुरंल?" तर म्हणाला, "गप बस. जोडी आहे. नवरा-बायको." दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला हा मासा, पाळणारे त्याला अ‍ॅपिस्टो म्हणतात. नर दिसायला राजबिंडा, लांब पंखांचा. मादी करडी, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी. पण अंडी घातली की ती पिवळीधमक होते आणि स्वतःच्या नवऱ्यालाही जवळ येऊ देत नाही. ती पिवळी झाली की दिगू दुकानातून मला फोन करायचा. "लेमन न्हाई हां. हळदी!"

पण अंडी जगायची नाहीत. टाकीतल्या नारळाच्या करवंटीत, आतून छताला मादी ती चिकटवायची, आणि लवकरच अंडी पांढरी पडायची. दोष आमच्या पाण्याचा. आमच्या बोअरचं पाणी असं जड, की नळाच्या तोटीला चुन्याची दाढी येते. आणि ह्या माशांना लागतं अगदी मऊ पाणी. मग दिगूनं गच्चीच्या पाइपखाली निळा ड्रम ठेवला, पावसाचं पाणी धरलं आणि त्याला कुलूप घातलं. आमच्याकडे नळ आठवड्यानं कधीतरी येतो, उन्हाळ्यात तोही रुसतो. अशा गावात पाण्याला कुलूप म्हणजे सोन्याला कुलूप. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "आम्ही टँकरचं प्यायचं, अन् यांच्या सुनबाई पावसाच्या पाण्यात न्हाणार!" दिगू करगोट्याला बांधलेली किल्ली चाचपायचा.

त्या पाण्यात सुकलेली बदामाची पानंही लागायची, चहासारखा रंग येईपर्यंत. ती आणायला आम्ही दोघं एका सरकारी कचेरीच्या आवारात जायचो. दिगू पानं वेचायचा, मी पहारा द्यायचो. एकदा शिपायानं हटकलं, "काय करून राह्यले हो?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "शुगरवर आहे. उकळून घ्यायची." पुढच्या वेळी गेलो तर झाडाखाली एक पान नाही, सगळी कचेरी काढा पीत होती! दिगू माझ्यावर इतका चिडला की घरापर्यंत बोलला नाही, आणि दारात पोचल्यावर हसत हसत पायरीवर बसला.

त्या पाण्यात पहिल्यांदा पिल्लं निघाली तेव्हा मी तिथे होतो. शाईच्या ठिपक्यांना शेपट्या फुटाव्यात अशी. त्यांच्यासाठी दिगू कोल्ड्रिंकच्या उलट्या बाटलीत, मिठाच्या पाण्यात बुडबुडे सोडून आर्टेमिया उबवायचा. धुळीएवढे नारिंगी जीव. ते खाऊन पिल्लांची पोटं नारिंगी व्हायची आणि दिगू टॉर्च मारून एकेक पोट तपासायचा. "जेवली, ही जेवली... ही न्हाई जेवली." संध्याकाळी त्यांची आई अंगाला एक झटका द्यायची की सगळी पिल्लं करवंटीत. दिवा एकदम गेला तर ती घाबरतात, म्हणून दिगू आधी काळं अस्तराचं कापड अर्ध्या टाकीवर ओढायचा. "हे आता हैदराबादी न्हाईत," म्हणायचा. "जालन्याचे झाले."

गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, हवेचे पंप बंद पडले आणि त्याच्या बाकीच्या टाक्यांतले मासे गेले. उरली त्या पहिल्या जोडीच्या वंशातली एकच जोडी. यंदा ऐन उन्हाळ्यात तिनं पिल्लं दिली. मी शेवटचा भेटलो तेव्हा दिगू स्टुलावर बसून, टाकीला नाक लावून कुजबुजत होता. "ही जगली तर वंश राह्यला. न्हाई तर खलास. हिची आता शेवटचीच खेप. ड्रमात पावसापर्यंत पुरंल इतकंच पाणी हाय बघ." रोज सकाळी तांब्याभर टाकायचं, बस. किल्ली कुठे असते, तांब्या कोणता, सगळं वहिनींना शिकवून झालं होतं. मी म्हणालो, "मृत्युपत्र करून राह्यलास का काय?" अशी माझी जीभ.

त्याला नेल्यावर गल्लीतल्या बायका घरात आल्या. घरातलं माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून द्यायचं, घर धुवायचं, ही आमच्याकडची रीत. हंडे, माठ, टाकी, सगळं ओतलं. काचेच्या टाकीकडेही कुणाचा हात गेला, तेव्हा वहिनी उठून आडव्या आल्या. "ह्यात जीव हाय." टाकी वाचली. पण करगोट्याची किल्ली काढून ठेवलेली होती, कुणीतरी ड्रमचं कुलूप उघडलं, आणि आम्ही स्मशानात असताना ड्रम रिकामा झाला. नुसता रिकामा नाही... ज्या गल्लीत एका कळशीवरून बायका महिना महिना बोलत नाहीत, त्या गल्लीनं आपापल्या घरातून हंडे आणले आणि दिगूचा ड्रम काठोकाठ भरून दिला. विधवेच्या घरात पाणी नसावं, हे त्यांना सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दिगूनं शिकवलं तसं केलं. तोच तांब्या, तोच ड्रम. मी दुपारी पोचलो तर त्या स्टुलावर बसलेल्या. पिल्लं खाली वाळूवर पसरली होती, कुणी रांगोळीची चिमूट सोडावी तशी. नर कोपऱ्यात तिरका. संध्याकाळी तोही गेला. मी ड्रमचं झाकण उचललं. ब्लीचिंग पावडरचा वास नाकात गेला. टँकरचं पाणी. वहिनी मागे येऊन उभ्या होत्या, त्यांनाही आला. "मीच टाकलं ना, भावजी?" मी झाकण परत ठेवलं. रागवायचं तरी कुणावर? हंडा उचलून आणणाऱ्या बायांवर?

मादी तेवढी जगली. पण एकटीनं वंश चालत नाही, आणि तिच्यासारखा दुसरा आता कुठेच नाही. हैदराबादहून नवी जोडी आणावी म्हणालो, तर वहिनी म्हणाल्या, "कशाला? ते जालन्याचे थोडेच असतील."

मी अजून संध्याकाळी जातो. उलट्या बाटलीत आर्टेमिया वहिनीच उबवतात. हातानं सवय सोडली नाही. परवा त्यांनी थेंबभर टाकीत सोडला. नारिंगी ठिपके पाण्यात तरंगले. मादी करवंटीतून बाहेर आली, त्यांच्याजवळ गेली, आणि पिवळी झाली.

"भावजी, बघा... खाऊन न्हाई राह्यली."

ती त्या ठिपक्यांभोवती फिरत होती. एखादा वाट चुकला की त्याला तोंडात धरून मध्ये आणून सोडत होती. माझ्या ओठांवर आलं होतं, 'लेमन न्हाई, हळदी.' आलं तसं गिळलं. मिठाच्या पाण्यातले जीव ते, गोड्या पाण्यात सकाळ बघत नाहीत. वहिनींना ते ठाऊक आहे. तिला झटका देताना आम्ही दोघांनी पाहिलं. ठिपके आत गेले नाहीत, तिथेच तरंगत राहिले. तिनं पुन्हा झटका दिला. वहिनींनी काळं कापड हळूच अर्ध्या टाकीवर ओढलं.