विमानपट्टीवर पुढं चालणारी

रंभावहिनी आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं मला न ऐकताही ऐकू येतं. तिकडून साहेबरावभावजींचा आवाज येई तो कामापुरताच. भाकरी वाढ, गुरं सोड, दार लाव. माणूस चांगला. व्यसन नाही, कधी हात उगारला नाही, पण बायकोला चांगलं म्हणायचं असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. वहिनींनी तीस वर्षांचा संसार तसाच केला. मुलगी तेजश्री शिक्रापूरला दिली, तिचं बाळंतपण केलं, आणि रोज सकाळी यमाईच्या देवळात दिवा लावला.

देऊळ माळाच्या कडेला आहे आणि माळावर विमानपट्टी. लढाईच्या काळात इंग्रजांनी विमानं उतरवायला सिमेंटची लांब पट्टी केली आणि लढाई संपल्यावर निघून गेले, असं सासरे सांगायचे. आता ती फुटलेली आहे, भेगांतून वेडी बाभूळ उगवली आहे. विमानं झाकायला केलेले मातीचे उंच बांध आणि छप्पर उडालेली एक खोली शिल्लक आहे. त्या खोलीचे दगड आमच्या सगळ्यांच्याच गोठ्यांत थोडेथोडे आहेत.

आम्हाला ती शेळ्या चारायची जागा. पण पुण्याहून जीपवाले यायला लागले. रस्ता सोडून ओढ्यातून, चिखलातून, घळीतून गाडी घालायची त्यांची हौस, आणि लढाईच्या वेळच्या अशा जुन्या पट्ट्या शोधत ते गावोगाव फिरायचे. पट्टीवर पोचले की गाड्या बंद करून उगाच आभाळाकडं बघत उभे राहायचे.

भावजी तेव्हा कुरकुंभच्या एका कंपनीची शिफ्टची बस चालवत होते. एक दिवस ते बस सोडून घरी आले. "रातपाळीचा कट्टाळा आला," एवढंच म्हणाले. मग त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि या मंडळींना माळावर न्यायला सुरुवात केली. त्यांची जीप पुढं, बाकीच्या त्यांच्या चाकोरीतून मागं. घळीत आणि पट्टीच्या फुटक्या टोकाला मात्र गाडीपुढं कुणालातरी पायी चालावं लागतं. चालकाकडं तोंड करून हातानं दाखवायचं, इकडं घ्या, तिकडं घ्या, थांबा. ते काम वहिनी करू लागल्या.

गावात हसू झालं. म्हाळसाकाकू पाण्याच्या टाकीपाशी म्हणाल्या, "साहेबरावांनी बैल इकलं आन् बायकू जुपली."

"बैलाला वाट दावावी लागत न्हाई काकू," वहिनी म्हणाल्या, "ह्यास्नी लागती." आणि पहिल्या त्याच हसल्या.

दोन-तीन महिने गेले असतील. एका बाजाराच्या दिवशी भावजी दौंडहून साडी घेऊन आले. पिवळीधमक, हळदीच्या ताटासारखी. वहिनी ती घेऊन तडक माझ्याकडं आल्या. हात ओले होते म्हणून पदरात धरून आणली होती.

"ह्यांनी आणली," त्या म्हणाल्या. "आपल्या मनानं. मी काय मागितली न्हवती."

"छान आहे की," मी म्हटलं.

"लई भडक हाय," त्या म्हणाल्या, पण घडी काही मोडू देईनात.

तेव्हापासून जीपवाले यायचे असले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "ती पिवळी नेस." न चुकता. पुढं तर त्यांनी आणखी एक आणली, तशीच पिवळी, म्हणजे एक धुवायला पडली तर दुसरी असावी. बचत गटात बायकांनी वहिनींना सोडलं नाही. "म्हातारपणी रंग चढला गं साहेबरावला." तेजश्री माहेरी आली की म्हणायची, "आई, हळदीची बरणी दिसतीस." वहिनी चिडायच्या नाहीत. एकदा देवळातून परत येताना त्या मला म्हणाल्या, "माणसाच्या पोटात असतंय गं सगळं. भाईर यायला येळ लागतो. मला तर यमाईनंच दिलं म्हणायचं." त्या दिवशी त्यांनी नुसतं कुंकू लावलं होतं, पण चेहरा नव्या नवरीचा होता. म्हणून ते बोलणं माझ्या लक्षात राहिलं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडंही आता बायका पेपरात येतात ते नऊ दिवसांचे रंग पाळतात. गुरुवारी पिवळा होता, तेव्हा वहिनींचा तोरा काही विचारू नका. शनिवारी राखाडी. तेजश्रीनं मुद्दाम राखाडी साडी पाठवली होती. सकाळी देवळात सगळ्यांचा फोटो झाला, आणि तेवढ्यात जीपवाल्यांच्या गाड्या आल्या. भावजी आधीच ओढ्यावर गेले होते. घरी जाऊन साडी बदलायला वेळ नव्हता. मला म्हणाल्या, "एक दिवस न्हाई पिवळी तर काय व्हतंय? ह्यांना पण कळू दे, मला दुसरा रंग बी दिसतो." आणि तशाच बाभळींतून पट्टीच्या टोकाकडं गेल्या.

पाहुण्यांचं जेवण आम्हा दोघींकडंच असायचं, म्हणून पिठल्याचं पातेलं आणि भाकरी घेऊन मी मागून जात होते. उन्हानं सिमेंट पांढुरकं दिसत होतं. वहिनी पट्टी जिथं तुटून खाली खड्डा आहे तिथं उभ्या होत्या, हात वर करून. थांबा. भावजींची जीप सरळ येत होती. हळूच येत होती, पण थांबली नाही. गाडीतला पाहुणा ओरडला. वहिनी ओरडल्या. भावजींनी ब्रेक दाबला तेव्हा गाडी त्यांना लागून गेली होती, आणि वहिनी तुटक्या कडेवरून खाली पडल्या.

भावजी उतरले आणि हाका मारू लागले. "रंभे, कुठं हाईस? रंभे." वहिनी त्यांच्यासमोर खड्ड्यात कण्हत होत्या, आणि ते हात पुढं धरून बाभळींकडं चालले होते.  त्यांना दिसत नव्हतं. बस का सोडली तेही तेव्हाच कळलं.

वहिनींच्या खुब्याचं हाड मोडलं. दौंडला ऑपरेशन झालं. तिथं मी त्यांच्याजवळ होते. भावजी कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेले.  तेच आधी बोलले.

"साखरंनं डोळ्याचा पडदा गेला. सांगितलं असतं तर गाडी उभी राहिली असती. घरात बसून काय करणार व्हतो? पिवळं तेवढं दिसायचं, लांबनं बी. तू पुढं हाईस म्हंजी भ्या न्हाई, असं वाटायचं."

वहिनींनी खालून वर त्यांच्याकडं पाहिलं. रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "म्हंजी साडी आवडली म्हणून न्हवती आणली."

खोटं बोलायची हीच वेळ होती. पण डोळ्यांचं सोडलं तर त्या माणसाला खोटं जमलंच नाही कधी. "कशी दिसती ते मला धड कुठं कळत व्हतं," ते म्हणाले.

वहिनींनी तोंड भिंतीकडं केलं. "दुखतंय का?" मी विचारलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. मोडक्या हाडाचं त्या कधीच बोलल्या नाहीत, पुढंही नाही.

जीप आता गोठ्याशेजारी उभी आहे, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. जीपवाले दुसऱ्या वाटेनं येतात. वहिनी वॉकर धरून चालतात. भावजींना जेवायला वाढतात, औषध देतात, इन्सुलिनची सुई स्वतः टोचतात. भिंतीपलीकडून आवाज येतो तो कामापुरताच, फक्त आता तो वहिनींचा असतो.

पिवळ्या साड्यांतली एक त्यांनी तेजश्रीला गोधडीत घालायला दिली. दुसरी धुऊन, घडी करून चैत्र पौर्णिमेला यमाईला नेली. गुरवानं ती देवीला नेसवली. आरतीला आम्ही सगळे होतो. माझे मालक भावजींना धरून आणत होते. गाभाऱ्याच्या दारापाशी भावजींनी त्यांचा हात सोडला आणि मान पुढं काढून बघत राहिले. समया पेटलेल्या, आणि त्या उजेडात ते पिवळं.

"रंभे," ते म्हणाले, "तू तिथं कशाला उभी राहिलीस? पाय दुखंल ना."

 वहिनी माझ्याशेजारी खांबाला टेकून उभ्या होत्या.  भावजी हात पुढं धरून निघाले, आणि पुढं उंबरा होता.

"सरळ या," वहिनी म्हणाल्या. माळावर म्हणायच्या त्याच आवाजात. "थोडं डावीकडं. उंबरा हाय, पाय उचला. बस. थांबा."

ते थांबले. आवाज मागून आला होता. त्यांनी मागं वळून पाहिलं, मग पुन्हा पिवळ्याकडं. "मग ही कोण?"

"देवी हाय. हात जोडा."

भावजींनी हात जोडले, पण पुन्हा आवाजाकडं वळून, तोंड आमच्याकडं.

"तिकडं जोडा, पुढं," वहिनी म्हणाल्या. "मी आता मागं हाय."