गुरुपौर्णिमेची वही

मी मुलांच्या वह्या ठेवून घेत नाही. बारामतीत बुद्धिबळाचा वर्ग सुरू केला तेव्हापासूनचा हा माझा नियम. डाव लिहिलेली वही ज्याची त्यानं संध्याकाळी दप्तरात घालून घरी न्यायची. कुणी विसरलं तर मी जिन्यातून ओरडून परत बोलावते. काही पालकांना वाटतं, बाईंना वह्या तपासायचा कंटाळा आहे. वाटू दे. एका गुरुपौर्णिमेला एका आईनं नारळासोबत मुलाची वही माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मी नारळ घेतला आणि वहीवरून तिला फाडफाड बोलले. बिचारी कानकोंडी झाली. तो राग तिच्यावरचा नव्हताच.

माझं गाव शेळगाव. आजोबांची मेंढरं होती. वडिलांनी ती विकून शेती धरली, पण मेंढरांमागे फिरताना शिकलेला खेळ काही सोडला नाही. जमिनीवर काठीनं चौसष्ट घरं ओढायची, राजा-वजिराला खडे आणि प्याद्यांना लेंड्या. मी लेंड्यांवर बुद्धिबळ शिकले हे वर्गात सांगत नाही, पोरं आठवडाभर हसतील. वडिलांच्या डावात बोलायला बंदी नव्हती, बघणारे सल्ले द्यायचे, आणि चुकलेली चाल खुशाल परत घेता यायची. हरायला लागले की मी खडे उधळून द्यायची.

"हिला आदी राग येतो, मंग चाल सुचती," वडील म्हणायचे.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. शाळांच्या एका स्पर्धेत सरांनी मला खेळताना पाहिलं आणि वडिलांना गाठून म्हणाले, "हिला रविवारी माझ्याकडे पाठवा." सर बारामतीच्या एका शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर होते. रविवारी शाळेच्याच एका खोलीत आम्हा आठ-दहा जणांना शिकवायचे. फी घ्यायचे नाहीत. मी सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळी परतायची. घड्याळ कसं दाबायचं, डाव कसा लिहायचा, हे त्यांनीच शिकवलं. हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं, चाल परत नाही, हे कळलं त्या दिवशी मी रडले होते. सर हसले नाहीत. त्यांनी मला पेरू कापून दिला आणि म्हणाले, "सवय होईल." माझा त्यांच्यावर जीव होता. वडिलांइतकाच होता, हे आज लिहितानाही जड जातं.

सरांच्या वर्गात एक प्रथा होती. आम्ही वर्षभराचे डाव एका वहीत लिहायचो, आणि गुरुपौर्णिमेला ती वही नारळासोबत सरांपुढे ठेवायचो. फी नाही तर हीच दक्षिणा. वही मग सरांच्या कपाटात जायची. सवड मिळेल तसं सर एकेका हरलेल्या डावाखाली हिरव्या शाईनं दुरुस्ती लिहायचे आणि त्याखाली तारीख घालायचे. दुरुस्त्या वर्गात फळ्यावर दिसायच्या, पण वही परत यायची नाही, आणि ती परत मागायची नाही. दिलेली दक्षिणा कोण मागतं? नक्कल करून ठेवावी, हेसुद्धा आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ते सरांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं असतं.

अठरा वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची निवड स्पर्धा त्या वर्षी इंदापूरला होणार होती. पहिली येईल ती राज्य स्पर्धेला जाणार. माझं वयाचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मला कुणी त्या पटावर बसूच दिलं नसतं. उन्हाळ्यात सराव करताना सरांनी माझ्या काळ्या मोहऱ्यांच्या ठेवणीत एक भोक शोधून काढलं. पांढऱ्यानं मधल्या प्याद्यावर घोडा फेकायचा. मी तो मारला की माझा राजा उघडा पडायचा. तो डावही मी वहीत लिहिला.

"याला उत्तर असणार. मी बघतो," सर म्हणाले. "तोवर कुणाला सांगू नकोस. हे आपल्या दोघांतच."

आपल्या दोघांतच, या शब्दांनी मी केवढी फुगले होते! गुरुपौर्णिमा आली, वही कपाटात गेली. मी अधूनमधून विचारत राहिले, सर, सापडलं का? अजून बघतोय, ते म्हणायचे. स्पर्धेआधीच्या शेवटच्या रविवारीही तेच म्हणाले.

स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत झाली. शेवटच्या फेरीपर्यंत मी अर्ध्या गुणानं पुढे होते. बरोबरी झाली असती तरी निवड माझीच होती. समोर इंदापूरचीच एक मुलगी होती, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. तिचे वडील एका शिक्षण संस्थेच्या कारभारात होते, एवढंच मला ठाऊक होतं. ती पांढऱ्यानं खेळली. अकराव्या चालीला तिनं घोडा उचलला आणि माझ्या मधल्या प्याद्यावर ठेवला. विचार न करता, जेवताना पुढचा घास घ्यावा तसा. मी वर पाहिलं. सर दाराशी उभे होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

माझं डोकं सणकलं. मी घोडा मारला. लगेच, घड्याळात वीस मिनिटं शिल्लक असताना. पुढच्या नऊ चालींत डाव संपला.

बाहेर नळावर ती भेटली. भली पोर होती, तिला काही लपवायचंही सुचलं नाही. "ताई, तुम्ही थोडं थांबला असता तर मी घाबरले असते," ती म्हणाली. "पण सर म्हणाले होते, ती मारणारच. तिला आधी राग येतो."

वडिलांचं वाक्य! ते मीच कधीतरी हसत हसत सरांना सांगितलं होतं. सर दोन महिने गुरुवारी तिच्या घरी शिकवायला येत होते, हेही तिनंच सांगितलं. सर मला एवढंच म्हणाले, "हारजीत चालायचीच." घरी वडिलांनी विचारलं, "कुनी हारवलं गं तुला?" मी म्हटलं, "माझी मीच."

पुढच्या जूनमध्ये सरांची नोकरी कायम झाली, त्या मुलीच्या वडिलांच्या संस्थेत. वर्गात पेढे वाटले. मीही खाल्ला. राग होता, पण मी तो हळूहळू आवरत आणला. मनाशी म्हणायची, त्यांना संसार आहे, तात्पुरत्या नोकरीत किती वर्षं काढायची माणसानं? त्यांनी भोक दाखवलं, पण त्याला उत्तर त्यांच्याकडेही नव्हतंच ना. माझ्यापासून काही लपवून तर ठेवलं नाही. या एका समजुतीवर मी सहा-सात वर्षं त्यांना नमस्कार करत राहिले. माझा स्वतःचा वर्ग सुरू केला तेव्हा पहिलं आमंत्रण त्यांनाच दिलं.

मग सरांनी घर बदललं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, निरोप धाडला, "कपाट रिकामं करतीय, तुमच्या वह्या घेऊन जा, न्हायतर रद्दीत जातील." मी गेले. सर ओसरीवर बसले होते. पाया पडले. काकूंनी वही हातात दिली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी उभ्या उभ्या तो उन्हाळ्यातला डाव काढला. खाली हिरव्या शाईत दोन ओळी होत्या. "मारायची घाई नको. आधी वजिरानं शह, मग घोडा. काळा सुखरूप." त्याखाली तारीख, आणि तारखेपुढे कंसात, गणेश चतुर्थी.

स्पर्धेच्या दोन महिने आधीची.

म्हणजे उत्तर सापडलं होतं. सापडल्यावरही ते रविवारमागून रविवार मला अजून बघतोय म्हणत होते. मी वही त्यांच्यासमोर धरली. "सर, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली.

"वही इथंच तर होती," ते म्हणाले. "तू कधी मागितलीच नाहीस."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. चहा न घेता मी वही घेऊन बाहेर पडले आणि स्टँडपर्यंत चालत आले. राहून राहून एकच आठवत होतं, की आल्याआल्या मी त्यांच्या पाया पडले होते. वडिलांच्या डावात चाल परत घेता यायची.