चपला न घालता सांगितलेला अर्थ

पाद्रीमास्तरांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की ते आधी चपला घालत. मग म्हणत, "चला." ऐरण म्हणजे नक्की कशी असते, असं मी एकदा सहज विचारलं, तर भर उन्हात मला लोहाराच्या दारी नेलं, ऐरणीवर माझा हात ठेवला आणि म्हणाले, "आता कळली."

ते पाद्री नव्हतेच. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तरुणपणी धर्मविद्यालयात दोन वर्षं इब्रानी, म्हणजे हिब्रू, शिकले होते आणि सेनगावातल्या आठ ख्रिस्ती घरांना रविवारी शास्त्र वाचून दाखवत, एवढंच. मी शिक्षिका म्हणून सेनगावला आले, ते बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. मी बौद्ध घरातली, एकटी. त्यांनी पुढची खोली मला दिली. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणायची.

मास्तरांची एक जाड वही होती. डावीकडे इब्रानी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. नियम एकच: वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, झाड या शब्दासमोरची जागा कित्येक वर्षं कोरी होती. मावशी चिडवायच्या, "जाऊन या की बोटीनं." मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "एका झाडापायी बोट परवडत न्हाई."

असा माणूस एकदाच चपला न घालता बोलला. ईस्टरच्या आधीचा रविवार होता. इजिप्तमधून सुटकेच्या वेळी यहुदी लोकांना झालेली आज्ञा ते वाचत होते: सात दिवस घरात 'सओर' ठेवू नये. मराठीत तिथं 'खमीर' छापलेलं. मार्थाबाईंनी विचारलं, "खमीर म्हंजे काय वो मास्तर? आमच्यात तर नुसती भाकर." ऊन चढलं होतं, सगळ्यांना भूक लागली होती. "आंबवायची चीज. विरजण समजा," मास्तर म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

मंगळवारी संध्याकाळी ते मार्थाबाईंकडे गेले आणि घोटभर ताक मागितलं.

"ताक कुठून आणू? विरजण फेकलं की."

"काहून?"

"घ्या! तुमीच सांगितलं न्हाई का? समद्या वस्तीनं फेकलं."

त्या दिवसांत मजुरीला जाणाऱ्या माणसांची दुपार ताकावरच निघायची. मास्तर घरी येऊन वही उघडून बसले. "लोकांच्या तोंडचं ताक काढलं मी," एवढंच म्हणाले. जेवले नाहीत.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. सकाळच्या एस.टी.नं आम्ही दोघं हिंगोलीला गेलो. मास्तरांच्या ओळखीच्या एका चाचांची तिथं पावाची भट्टी होती. मास्तरांनी खमीर पाहायला मागितलं. चाचांनी ओल्या फडक्याखालचं मडकं पुढं केलं. आत पिठाचा जुनाट गोळा, बुडबुडे आलेला, आंबट वासाचा.

"कल के आटे में से इत्ता निकालके रखते मास्टरसाब. आज के आटे में येच डालते. ये नहीं, तो पाव उठताच नहीं."

"और दही का विरजण?"

"दही बिचारे ने क्या करा? ये तो आटे की बात है!"

मास्तरांनी मडक्यात बोट घातलं, चाखलं आणि परतीच्या गाडीत हसत सुटले. "दोन वर्षं इब्रानी शिकलो बाई, पण भट्टीत पाय न्हाई टाकला."

घरी आल्यावर मात्र चेहरा पुन्हा उतरला. चूक कबूल करता येईल, पण आठ घरांना विरजण कुठून द्यायचं? मावशी आत गेल्या आणि फळीवरून झाकलेलं गाडगं घेऊन आल्या. दही घट्ट लागलेलं.

"तू फेकलं न्हाईस?"

"तुमचे अर्थ बदलतेत. माझ्या सासूचं विरजण फेकून कसं चालंल?"

मास्तर ते गाडगं घेऊन दारोदार गेले. प्रत्येक उंबऱ्यावर आधी "माझं चुकलं" म्हणायचे, मग चमचाभर दही वाढायचे. मार्थाबाई म्हणाल्या, "मास्तर, येत्या रविवारी चपला घालूनच वाचा." सगळ्यात मोठ्यानं मास्तरच हसले.

वहीत त्यांनी लिहिलं: 'सओर – कालच्या पिठातला राखून ठेवलेला आंबट गोळा, ज्यानं आजचं पीठ उठतं. विरजण नव्हे. शंका आल्यास घरात विचारावे.'

मास्तर गेले त्याला आता पाच महिने झाले. मावशींना मुलानं परभणीला नेलं. जाताना त्यांनी वही माझ्याकडे दिली, आणि वाटीभर विरजणही. गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला: इथलं दही बिघडलं, तुझ्याकडचं घेऊन ये. मी चपला घातल्या आणि एस.टी.त सगळी वाट डबा मांडीवर धरून बसले.

मावशींनी बोटानं चाखलं. मग म्हणाल्या, "व्हय, आपलंच हाय. मास्तरांनी दारोदार वाटलेलं."

आणि दूध कोमट करायला उठल्या.