राखीव जोडीतले काका

टेनिसच्या दुहेरीत राखीव जोडीला एकच काम असतं: सकाळी सही करायची आणि कुणी माघार घेतं का, याची वाट बघत बसायचं. आमचे एकोणचाळीस वर्षांचे काका या कामात चांगलेच मुरलेले. गुडघ्याला पट्टी बांधून ते खेळाडूंच्या खोलीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची तब्येत विचारत. लोकांना वाटे, किती मायाळू माणूस!

या वेळी दोन दिवस सगळे ठणठणीत होते. पहिल्या फेरीच्या शेवटच्या सकाळी मात्र एका उंच खेळाडूची पाठ धरली. बाकावर आडवा होत तो म्हणाला, "आज माघारच घेतो."

काकांच्या जोडीदाराने घाईघाईने बूट बांधले. काका उठून त्या उंच खेळाडूकडे गेले.

"कुठे धरलंय, इथे? पालथा हो बघू."

दहा मिनिटं दाबून दिल्यावर तो उठला, त्याने वाकून बघितलं आणि तो रॅकेट घेऊन खेळायला गेला.

"काका, तुम्ही नक्की कुणाच्या जोडीत आहात?" जोडीदाराने बूट सोडत विचारलं.

"अरे, माझी पाठ दुखते तिथेच त्याचीही दुखत होती," म्हणत काका त्याच बाकावर पालथे झाले. "आता जरा माझी दाब."