रवा भाजताना ऐकलेली मतं

माझ्याकडे मतं भरपूर आहेत. परराष्ट्र धोरणापासून पेट्रोलवरच्या करापर्यंत कुठलाही विषय काढा, माझं मत तयार असतं, आणि पुरावा म्हणून पलंगाखालच्या फायलीत कात्रणंही असतात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत मी बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. दुसऱ्यांनी केलेला माल नापास करणं हेच माझं काम. निवृत्त झाल्यावर ही सवय कुठे वापरायची असा प्रश्न होता, पण समोर देश होताच.

दुःख एकच. मला कोणी विचारत नव्हतं. टीव्हीवर दर दोन-चार महिन्यांनी देशाचा कौल दाखवतात. इतके लोक समाधानी, इतके नाराज आणि इतक्यांना सांगता येत नाही. मी टीव्हीवर ओरडायचो, "कोणाला विचारलंत? राहतात कुठे हे लोक?" कळव्याच्या मेहुण्याला विचारून झालं, आमच्या न्हाव्याला विचारून झालं. त्यांच्याकडेही कधी कोणी फिरकलेलं नव्हतं. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या दारात हे लोक जातात आणि ज्याला सांगता येतं तो इथे तिसऱ्या मजल्यावर कात्रणं कापत बसलाय, याचा मला मनापासून राग यायचा. मग मी न्हाव्यालाच सांगायचो. त्याच्या हातात वस्तरा आला की थांबायचो.

आणि एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात तिशीतली एक बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, लिफ्ट बंद असल्यामुळे धापा टाकत उभी.

"काका, देशातल्या प्रश्नांवर लोकांची मतं घेतोय. अर्धा तास लागेल. चालेल?"

चालेल? मला भरून आलं. खरंच सांगतो, मुलगा झाल्याची बातमी घेऊन नर्स बाहेर आली तेव्हाही मी इतका गडबडलो नव्हतो. "बसा, बसा," म्हटलं, "शर्ट बदलून येतो." इस्त्रीचा शर्ट घातला, पंखा बाईंकडे वळवला, पलंगाखालून तीन फायली ओढल्या. त्यांतली एक नुसती सीमाप्रश्नाची होती. धूळ उडून बाईंना दोन शिंका आल्या. त्या मोहने गावाहून आल्या होत्या, सकाळपासून समोरच्या विंगमध्येही जाऊन आल्या होत्या. "तिकडे मी गेलेले, पण कोणी दारच उघडेना," म्हणाल्या. म्हटलं, इथे उघडलंय ना, विचारा.

"आधी सांगा, घरात अठरा वर्षांच्या वरचे किती जण?"

"दोघंच. मुलगा बंगळूरला असतो."

बाईंनी आमची दोघांची नावं आणि वयं टॅबमध्ये भरली, बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरलं आणि थांबलं.

"काकूंचं नाव आलंय."

"कशात?"

"मुलाखतीसाठी. घरातला कोण हे मशीन ठरवतं."

"परत फिरवा."

"एकदाच फिरतं, काका."

बायको स्वयंपाकघरात लाडवांसाठी रवा भाजत होती. ती उलथनं घेऊनच बाहेर आली. "मला काय विचारताय? यांनाच विचारा, त्यांना सगळं माहीत असतं." मी मान डोलावली. पण बाई ऐकेनात. "ज्यांना मत द्यायची घाई असते त्यांचीच घेतली तर चुकीचं चित्र येतं, काकू." मी म्हटलं, हे कुठलं शास्त्र? तर बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगता ना ते ड्रमचं."

झालं. कंपनीत माल आला की कुठला ड्रम उघडून तपासायचा हे तक्त्यावरून ठरायचं. माल घेऊन येणारा माणूस दर वेळी म्हणायचा, "साहेब, हा पुढचा घ्या ना, एक नंबर आहे." आणि मी त्याला दर वेळी झापायचो की पुढे ढकललेला ड्रम हा नमुना नसतो, मागचा कोपऱ्यातला काढ. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली होती की बायकोला ती पाठ होती. आज पुढचा ड्रम मी होतो.

वर बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आत बसाल का? दुसरं कोणी समोर असलं की उत्तरं बदलतात." माझ्याच घरात मला हॉलबंदी. बायकोने उलथनं माझ्या हातात दिलं. "मंद आच आहे. हात थांबवू नका, खाली लागेल."

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे. त्यामुळे ऐकू येत होतं, पण अडचण अशी की मी रवा हलवला की कढईचा आवाज, आणि थांबलो तर रवा लागणार. शेवटी प्रश्न संपला की हलवायचं, उत्तर सुरू झालं की थांबायचं, असा ताल धरला.

"देशासमोरचा सगळ्यात मोठा प्रश्न कुठला?"

मी आतून पुटपुटलो, लोकसंख्या. लोकसंख्या म्हण.

"रांग," बायको म्हणाली.

"रांग?"

"म्हणजे रांगेचंही काही नाही गं. लोक उभे राहतात. पण कोणी काही सांगत नाही. त्या कार्डाच्या कामाला मी चार तास उभी होते, मग कळलं, मशीन सकाळपासून बंद. अगं, आधी सांगा ना! माणूस थांबायला तयार असतो, पण त्याला येडा तरी समजू नका."

"यादीत रांग नाहीये काकू. महागाई, बेरोजगारी, भ्रष्टाचार, इतर."

"मग इतर. आणि पुढे रांग लिही."

मी कपाळावर हात मारला. हातात उलथनं होतं. रवा केसांत गेला.

पुढचा प्रश्न माझा लाडका. देशातल्या सगळ्या निवडणुका एकत्र घ्याव्यात का? या विषयावर माझ्याकडे अनुकूल अकरा मुद्दे आहेत, क्रमवार. बायको म्हणाली, "नको बाई. आत्ता निदान दोन-तीनदा डांबर पडतं. एकदाच निवडणूक झाली तर पाच वर्षांतून एकदाच रस्ता करतील." मी अकराही मुद्दे मनात तपासले. डांबरावर एकही नव्हता.

"शेजारी देशांशी संबंध कसे असावेत?"

"जिन्यात असतात तसे. बोलायचं, द्यायचं-घ्यायचं, पण घराची किल्ली द्यायची नाही."

आता हे जरा मला लागलं. समोरच्या बिऱ्हाडाशी चपलांच्या स्टँडवरून मी दोन वर्षं बोलत नाही. ही मात्र त्यांच्याकडून विरजण आणते, त्यांच्या कुंड्यांना पाणी घालते आणि किल्ली खरंच देत नाही. माझी सीमाप्रश्नाची फाईल बाहेर या दोघींच्या पायाशी पडली होती. कोणी उघडूनही बघितली नाही.

मग बाईंनी विचारलं, "मत कोणाला द्यायचं हे ठरवताना कोणाचा सल्ला घेता? पती, मुलं, शेजारी?"

हा प्रश्न सोपा होता. मी चक्क हसलो. लग्न झाल्यापासून मी सगळ्यांना सांगत आलोय की आमच्या घरातली दोन्ही मतं एकाच जागी पडतात.

"कोणाचाच नाही," बायको म्हणाली. "हे केंद्रापर्यंत सांगत येतात कोणाला द्यायचं ते. मी हो म्हणते. आत तर मी एकटीच असते ना."

दोघी हसल्या. मी मोजायला लागलो की आजवर किती निवडणुका झाल्या, आणि मोजणं सोडून दिलं.

"आणि राजकारणावर चर्चा कोणाशी करता?"

"कोणाशीच नाही."

"काकांशी?"

"चर्चा ते करतात," ती म्हणाली. "मी तिथे असते."

ती हे चिडून म्हणाली नाही. किराणा सांगताना म्हणतात तसं म्हणाली. आधी राग आला. मग वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मला कोणी विचारत नाही म्हणून मी इतकी वर्षं टीव्हीवर ओरडत होतो आणि ही शेजारच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होती. तिला कोणी विचारलं होतं? मी तर नक्कीच नाही. हा विचार चालू असताना माझा हात थांबला होता आणि जळका वास सुटला.

बाई चहा घेऊन निघाल्या. दारात मला म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी तुमचं नाव येईल." मी म्हटलं, "नाही आलं तरी चालेल." हे मी खोटं बोललो.

बायकोने कढई बघितली. "लागला ना?" एवढंच म्हणाली. रवा टाकून दिला, कढई भिजत घातली आणि आम्ही जेवायला बसलो. मी बातम्या लावल्या नाहीत. तिने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना?

शेवटी मी विचारलं, "ते कार्डाचं काय? चार तास रांगेत उभी होतीस, मला बोलली नाहीस."

"बोलले होते. रेशनकार्ड नवीन आलं ना, त्यात तुमचं नाव दोनदा छापलंय. माझं आलंच नाही. ते दुरुस्त करायला गेले होते."

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, सगळं डिजिटल झालं की या चुका बंद होतील. मग तासभर डिजिटलवर बोललात."

मला ते भाषण आठवलं. चांगलं झालं होतं. तिच्या नावाचं मात्र काहीच आठवेना.

"झालं का दुरुस्त?"

"कुठलं? परत जायचंय उद्या."

"मी येतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पानात भात वाढला.

"या," म्हणाली. "पण रांगेत बोलायचं नाही."