कुणालाही ‘नाही’ न म्हणणारे नगराध्यक्ष

माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये.

खाडीकाठच्या आमच्या छोट्या शहराचे अब्बा दोनदा नगराध्यक्ष झाले आणि एकदा आमदार. सकाळी दार उघडलं की पडवीत माणसं. कुणाला नळ हवा, कुणाला पोराची नोकरी, कुणाच्या हद्दीत शेजाऱ्यानं भिंत घातलेली. अब्बा प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “झालं समज.” आई आतून चहा पाठवून पाठवून वैतागायची. त्यातली थोडी कामं व्हायची, बरीचशी व्हायची नाहीत, पण माणूस हसत घरी जायचा आणि मत द्यायचा. आमदारकीला पुन्हा उभे राहिले तेव्हा मात्र डिपॉझिट गेलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. लोक तरी किती वर्षं जेवणार? खरं तर त्यांना कळायला इतका उशीर का लागला, याचंच मला नवल वाटलं.

आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे सौदीत, जेद्द्याला आणलं. सुरुवातीचे महिने फार वाईट गेले. दिवसभर खिडकीशी बसायचे, जेवण अर्धं टाकायचे. इमारतीत कुणी त्यांना ओळखत नव्हतं आणि सलाम घ्यायची सवय लागलेल्या माणसाला ते सोसत नाही. मग एका जुम्म्याला नमाजानंतर त्यांना शराफिया मोहल्ल्यात जेवायला नेलं. हॉटेलात आपल्याच बाजूचा एकजण ताडकन उठला, “नगराध्यक्ष साहेब, तुम्ही इथं?” पुढच्या जुम्म्याला त्या टेबलाशी बसायला जागा नव्हती. कामगारांच्या कॅम्पातली कोकणी माणसं अब्बांभोवती गोळा झाली होती आणि अब्बांच्या तोंडावर पुन्हा रया आली होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यांतच एक वेल्डर आला. गुहागरकडचा, अंगानं किरकोळ, बोलायला भिडस्त. गावी बायकोला कॅन्सर, डॉक्टरांनी आशा सोडलेली. इथं कफीलनं, त्याला आणणाऱ्या अरबी मालकानं, त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रिन्यू केलेला नव्हता आणि इकामा संपलेल्या माणसाला देशाबाहेर पडता येत नाही. तिचे डोळे मिटायच्या आत एकदा पोचायचं होतं, बस्स. सोबतचे म्हणत होते, कॉन्सुलेटात जाऊन तक्रार दे, ते सोडवतात.

अब्बांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तक्रार केलीस की कफील बिथरणार. पळून गेला म्हणून पोलिसांत तुझंच नाव देईल. तू कुठे जाऊ नको. मी बोलतो त्याच्याशी. झालं समज.”

वेल्डरनं त्यांचे हात धरून डोळ्यांना लावले.

परतताना गाडीत माझं डोकं फिरलं. “अब्बा, इथं तुम्हाला विचारतो कोण? यल्ला आणि खलासच्या पुढे तुम्हाला अरबी येत नाही.”

“तू मला शिकवू नको,” ते म्हणाले. “माणसाला धीर द्यायचा असतो. नाही म्हटलं की माणूस तुटतो.”

मग दर जुम्म्याला वेल्डर यायचा आणि अब्बा सांगायचे, बोलणं चालू आहे. कफील बाहेरगावी गेलाय. रमजान उलटू दे. इतक्या सफाईनं सांगायचे की मलाही वाटू लागलं, वर्कशॉपातल्या कुणाला तरी धरून यांनी खरंच शब्द टाकला असेल. वेल्डर मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा. बायको आता फोनवर बोलत नाही, नुसती बघत राहते, असं त्यानं एकदा सांगितलं.

ती गेल्याचं हॉटेलवाल्यानं कळवलं. अब्बांनी लगेच जाकीट चढवलं. मयताच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचायचं, ही त्यांची नगरपालिकेपासूनची रीत. मी त्यांना कॅम्पवर नेलं.

वेल्डर खोलीत खाली चटईवर बसला होता. माणसांनी सरकून अब्बांना जागा करून दिली. अब्बा अल्लाच्या मर्जीबद्दल बोलले, सब्र करायला सांगितलं. चांगलं बोलले. बोलणं त्यांना कधी जड गेलंच नाही, आणि मला त्या क्षणी त्यांची शिसारी आली.

वेल्डरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साहेब, कफील नेमकं काय म्हणाला तुम्हाला? मला तेवढंच सांगा.”

अब्बांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “खरं सांगा, अब्बा.”

त्यांनी नजर गुडघ्यावरच्या हातांकडे वळवली. “मी बोललोच नाही त्याच्याशी,” ते म्हणाले. “त्याचा नंबर नव्हता माझ्याकडे.”

मला वाटलं, हा आता अब्बांची कॉलर धरणार. धरली असती तर मी मध्ये पडलो नसतो.

वेल्डर जागचा उठलासुद्धा नाही.

“नंबर माझ्याकडे होता, साहेब,” तो म्हणाला. “मागितला असतात तर दिला असता.”