ते ‘बेकार’ लिहीत नसत

कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहीत. निजामीत सगळं उर्दूत लिहिलेलं. मराठी अक्षरं त्यांनी पन्नाशीनंतर गिरवली. त्यांच्या हातचा अर्ज परत येत नाही, म्हणून वडिलांनी मला कारकुनीच्या अर्जासाठी त्यांच्याकडे पाठवलं.

“पेशा काय लिवू?”

“कॉलेज संपलं. सध्या बेकार.”

“बेकार मी कुणालाच लिवत न्हाई. उमेदवार लिवतो. कशाची उमेद हाय?”

कॉलेजात असताना मोर्चाची पत्रकं मी बेधडक लिहिली होती. पण वडिलांशी जे बोललो नव्हतो, ते इथे बोललो. “झरीच्या शाळेत शिकवायचंय.”

त्यांनी अर्धा झालेला अर्ज फाडला, नवा कागद घेतला. टाक सवयीने उजव्या कडेला टेकला, थबकला, डावीकडे आला.

“हात चुकतो, मास्तर. सांभाळून घ्या.”

मला मास्तर म्हणणारे ते पहिले.